मायनस वीस

कनेक्शन जोडून झालं की तो आधी वेग बघत नाही. वायरीच्या टोकाला पॉवर मीटर लावतो आणि एक आकडा वाचतो. मायनस अठरा, मायनस वीस, फार तर मायनस बावीस दिसलं की बॉक्स भिंतीला ठोकतो, पासवर्ड घालून देतो आणि म्हणतो, “घ्या, बघा चालवून.” मायनस सव्वीस दिसलं तर काही न बोलता पुन्हा शिडी उचलतो. सव्वीसवरही इंटरनेट चालतंच, घरचे लोक खूश असतात. पण पावसाळ्यात कुठला तरी जोड ओला होणार, कुणीतरी टीव्हीमागची वायर दुमडून ठेवणार, आकडा सत्तावीसच्या खाली घसरणार आणि बॉक्सवर लाल दिवा लागणार. मग फोन येणार. तोही रात्री नऊला, मॅच रंगात आलेली असताना.

तो जांब्याचा. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कपासून हाकेच्या अंतरावर, पुनावळे, मारुंजी आणि नेरे यांच्या शेजारचं. गावठाणात अजून गोठे आहेत, पत्र्याची घरं आहेत. रस्त्याकडेला मात्र उंच टॉवर उभे राहिलेत आणि आणखी राहताहेत. त्याची केबल दोन्हीकडे जाते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काकांबरोबर केबल टीव्हीच्या वायरी ओढायला लागला तेव्हापासून गावात तो ‘केबलवाला’. आता टीव्हीचा धंदा नावापुरता उरलाय, तरी हाक तीच. टॉवरमधले लोक त्याला ‘दादा’ म्हणतात, नेट बंद असलं की ‘भाई’.

गावाला फायबर नवं असलं तरी पुण्याला ते जुनं आहे. टेलिफोन केंद्रं एकमेकांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यातच सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं ते मात्र टेलिफोनच्या तारेवरून, डायल करून. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हटलं, जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, तेही तांब्यावरूनच. तांब्याचा स्वभाव असा की एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी. त्यामुळे शहराच्या कडेची गावं मागेच राहिली. हिंजवडीच्या कंपन्यांच्या दारात फायबर आलं तरी त्याच कंपन्यांत कँटीन, सिक्युरिटी, ड्रायव्हिंगची कामं करणाऱ्यांच्या घरात यायला पुढे बरीच वर्षं गेली. तंत्र अडलं नव्हतं. गिऱ्हाईक कमी होतं, एवढंच.

ते शेवटचे दोन-तीन किलोमीटर जोडले केबलवाल्यांनी. कसे, ते समजायचं तर त्यांचा आधीचा धंदा बघायला हवा. १९९१मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांबरोबर उपग्रह वाहिन्या घरात आल्या, ऑक्टोबर १९९२मध्ये झी सुरू झालं, आणि केबलचा कायदा झाला १९९५ला. म्हणजे धंदा आधी, कायदा मागून. मोठी डिश, एक ॲम्प्लिफायर आणि खांबाखांबावरून ओढलेली काळी कोॲक्स एवढ्या भांडवलावर माणसं उभी राहिली. किती घरांत जोडण्या आहेत हे फक्त केबलवाल्याला ठाऊक असे, आणि वर कळवायचा आकडा त्याच्या मर्जीवर. सेट-टॉप बॉक्सच्या सक्तीने ते संपलं. पुणे शहरासाठी मार्च २०१३ची मुदत होती. ग्रामीण भागाचा, म्हणजे जांब्यासारख्या गावांचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ला. त्याआधी सहाच महिने, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओने फुकट डेटा वाटायला सुरुवात केली होती. पोरं टीव्ही सोडून मोबाइल बघू लागली. काकांनी डिश भंगारात काढली.

पुतण्याने काढली नाही ती शिडी. इंटरनेटच्या कंपन्या त्याच्याकडे आल्या त्या याच शिडीसाठी. दूरसंचार खात्याचं इंटरनेट पुरवायचं लायसन्स तीन वर्गांत मिळतं: ‘ए’ वर्ग देशभर, ‘बी’ एका टेलिकॉम सर्कलपुरता, ‘सी’ त्याहून लहान, साधारण जिल्ह्याएवढ्या भागापुरता. त्याच्या नावावर यातलं काहीच नाही. तो एका लायसन्सवाल्या कंपनीचा ‘पार्टनर’ आहे. बँडविड्थ कंपनी घेते, बिल कंपनीच्या नावाने निघतं, गिऱ्हाइकाने भरलेल्या पैशातला ठरलेला वाटा त्याला मिळतो. केबल, खांब, माणसं आणि शिव्या त्याच्या.

गावातल्या पुष्कळांची अजून समजूत आहे की इंटरनेट वरून, उपग्रहातून येतं. ते येतं समुद्राखालून. युरोप आणि सिंगापूरकडून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, वर्सोव्याला त्यांची दाटी आहे. तिथून डेटा सेंटर, मग घाट चढून पुणे, मग कंपनीची खोली, तिथून भाड्याने घेतलेल्या फायबरवरून त्याचा गाळा. ३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या तेव्हा भारताची जवळजवळ निम्मी बँडविड्थ गेली होती. आता तेवढी दाणादाण होत नाही. केबल वाढल्या हे एक कारण; दुसरं असं की यूट्यूब, नेटफ्लिक्स यांचा बघितला जाणारा माल मुंबई-पुण्यातल्या पुरवठादारांच्या खोल्यांतच साठवलेला असतो. जांब्यात रात्री बघितली जाणारी मालिका सात समुद्र ओलांडत नाही, फार तर घाट ओलांडते.

मुळशीकराला यात थोडी गंमत वाटायला हरकत नाही. मुळशीचं धरण झालं ते मुंबईला वीज द्यायला. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही १९२०च्या दशकात खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि भिऱ्याच्या वीजघरातून तारा मुंबईकडे गेल्या. शंभर वर्षांनी मुंबईहून उजेड घाट चढून मुळशीत येतो, आणि त्याचे दरमहा पैसे मुळशीकरच मोजतो.

सुरुवातीची काही वर्षं फायबर त्याच्या गाळ्यापर्यंतच यायची. पुढे घराघरात ‘कॅट फाइव्ह’, म्हणजे तांब्याच्या चार जोड्यांची निळी-करडी वायर. ती शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून दर गल्लीत एक स्विच लागायचा, गच्चीवर प्लॅस्टिकच्या डब्यात. स्विचला वीज लागते. ती कुणाच्या तरी मीटरवरून घ्यायची आणि त्या बदल्यात त्या घराला कनेक्शन फुकट. त्या घराचे लोक गावाला गेले आणि जाताना मेन स्विच बंद केला की अख्ख्या गल्लीचं नेट बंद. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार हे पुणे-पिंपरीच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यासाठी गुरुवार म्हणजे दिवसभर “लाइट आली की येईल” हे एकच वाक्य. आणि मे महिन्यातला वळीव! एक कडकडाट झाला की तांब्यातून झटका शिरून तीन-चार स्विचचे पोर्ट एकदम जळायचे. दुसऱ्या दिवशी पोतडीत मेलेले स्विच घेऊन तो दुरुस्तीला जायचा आणि निम्मे तिथेच टाकून यायचा.

काच विजेला ओळखत नाही. घरापर्यंत फायबर नेण्याचं खरं कारण त्याच्या लेखी वेग नव्हतंच, हे होतं. गल्लीत स्विच नाही, वीज नाही, फुकट कनेक्शन नाही. मधे फक्त काच आणि काचेचेच वाटे करणारा स्प्लिटर, ज्याला कसलाही प्लग लागत नाही.

पण काच जोडायला शिकणं हा वेगळाच संसार होता. कोॲक्सचा जोड दाताने साल काढून, पक्कड पिळून होई. फायबरच्या काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि उजेड ज्यातून जातो तो मधला गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. दोन टोकांचे गाभे समोरासमोर यायला हवेत. आधी स्लीव्ह ओवायची. नवी पोरं हमखास विसरतात आणि झालेला जोड तोडून पुन्हा सुरुवात करतात. मग स्ट्रिपरने आवरण उतरवायचं, स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं, क्लीव्हरवर ठेवून काप घ्यायचा. काप काटकोनात हवा. मग दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशिनमध्ये. झाकण लावलं की पडद्यावर दोन जाडजूड दांडे दिसतात, मशिन त्यांना हळूहळू जुळवतं, ठिणगीची कमान उडते, काच वितळून एक होते. पडद्यावर आकडा येतो, ०.०१, ०.०२ डीबी. तेवढीच घट. ०.१०च्या वर आला की तोडा आणि परत करा. शेवटी स्लीव्ह जोडावर सरकवून तापवायची.

हे सगळं टेबलावर बसून होतं तेव्हा सोपं. त्याच्याकडे ते होतं रस्त्याकडेला, गाडीच्या डिकीत, वारा अडवायला एकाने धरलेल्या छत्रीआड. वर कापलेल्या काचेचे तुकडे. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटात शिरले की निघत नाहीत. ते चिकटपट्टीवर उचलून झाकणाच्या बाटलीत टाकायचे आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी हातांबरोबर शर्टाची बाहीही तपासायची, हा त्याने पोरांना घालून दिलेला नियम. बाकी नियम त्यांना मशिनने शिकवले. चोवीस धाग्यांच्या केबलमध्ये बारा-बाराचे दोन गठ्ठे, प्रत्येकात रंगांचा क्रम ठरलेला: ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन, मग स्लेट, व्हाइट, रेड, ब्लॅक, यलो, व्हायोलेट, पिंक, ॲक्वा. संध्याकाळच्या उजेडात व्हाइट आणि स्लेट एकसारखे दिसतात, आणि एका बिल्डिंगचं नेट दुसरीला जातं.

आता पॉवर मीटरवरचा तो आकडा. गाळ्यात ओएलटी नावाचं यंत्र आहे. त्याच्या एका पोर्टमधून साधारण अडीच मिलिवॉटचा अदृश्य लेझर निघतो. कामाच्या भाषेत प्लस चार. चौकातल्या डब्यात स्प्लिटर त्याचे आठ वाटे करतो, गल्लीच्या डब्यात त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा आठ. चौसष्ट घरं. दर वेळी निम्मं करत गेलं की तीन डीबी जातात, म्हणून आठ वाट्यांना नऊ, स्प्लिटरची स्वतःची घट धरून साधारण साडेदहा; दोनदा वाटल्यावर एकवीस. उरले मायनस सतरा. केबलची लांबी, जोड, कनेक्टर आणखी दोन-तीन डीबी खातात, आणि घरात पोचतात मायनस वीस. मिलिवॉटचा शंभरावा भाग. त्या एवढ्याशा उजेडावर घरातला बॉक्स सेकंदाला अब्जावधी शून्य-एक अचूक ओळखतो, आणि सत्तावीसच्या खाली, म्हणजे आणखी पाचपट मंद झाला की हात टेकतो.

वेगाचा हिशेबही असाच वाटपाचा. फायबरच्या या जीपॉन पद्धतीत एका पोर्टमधून खाली येतात सेकंदाला २,४८८ मेगाबिट. भागिले चौसष्ट, जेमतेम एकोणचाळीस. प्लॅन विकलेला असतो शंभरचा. ही फसवणूक आहे का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका इंजिनियरने त्याला हे विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तरही आहे: चौसष्ट घरं एकाच क्षणी शंभर-शंभर ओढत नाहीत. चित्रपट बघायला पाच-सात मेगाबिट पुरतात, पान वाचताना काहीच जात नाही. धंदा या भरवशावर चालतो, फक्त पुरवठादाराने तो भरवसा किती ताणायचा याला कुठेतरी मर्यादा हवी. काही जण एका पोर्टवर १२८ घरं टांगतात. तो टांगत नाही. सोज्वळपणा म्हणून नाही. आकडा मायनस तेवीस-चोवीसवर जातो आणि पावसाळ्यात त्यालाच पळावं लागतं.

घरांकडून वर जाणारा रस्ता तर एकच. चौसष्ट बॉक्स एकाच काचेवरून बोलतात, म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ नेमून देतो: या क्षणी तू, पुढच्या क्षणी तो. त्याच्या वडिलांनी जन्मभर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. हे त्यांना समजावायला त्याला दोन मिनिटं लागली. म्हाताऱ्याने लगेच विचारलं, “आन् कुणी पाळी मोडून रात्री बारं फोडलं तर?” तसंही होतं. एखादा बॉक्स बिघडतो आणि आपली पाळी नसताना अखंड उजेड सोडत बसतो. त्याचं स्वतःचं काही बंद पडलंय असं दिसतच नाही, बाकीचे त्रेसष्ट मात्र तडफडतात, कधी चालू कधी बंद. एकदा अशा एका बॉक्सने गावठाणातला निम्मा भाग अख्खी संध्याकाळ वेठीला धरला. कुठला ते यंत्र सांगेना. शेवटी चौकातल्या डब्यापाशी शिडीवर उभं राहून एकेक पाय उपटायचा, गाळ्यातल्या पोराने फोनवर “आले, आले” किंवा “नाही” म्हणायचं, मग गल्लीच्या डब्यापाशी जाऊन पुन्हा तेच. सापडला तो एका बंद घरात, जिथे महिनाभर कुणी राहत नव्हतं आणि बॉक्स इन्व्हर्टरवर चालू होता.

मार्च २०२०. राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्चला. पुढच्या पंधरवड्यात हिंजवडी रिकामी झाली. घरून काम करू द्यायला आयटी आणि कॉल सेंटर कंपन्यांना दूरसंचार खात्याच्या ज्या अटींची आडकाठी होती त्या सरकारने मार्चच्या मध्यावर शिथिल केल्या, आणि जी गर्दी रोज सकाळी वाकडच्या पुलावर अडकायची ती त्याच्या केबलमध्ये येऊन अडकली. तोवर त्याच्या जाळ्याचा दिवस रात्री नऊला उजाडायचा. आता सकाळी साडेनऊला सगळे एकदम मीटिंगला बसू लागले, आणि मीटिंगमध्ये माणूस नुसता बघत नाही, दिसतोही. म्हणजे वर जाणारा रस्ता भरतो. जुन्या कॅट फाइव्हवरच्या गल्ल्या तिथेच उताण्या पडल्या. बॉक्स मिळेनात. इंटरनेट अत्यावश्यक सेवेत होतं, त्यामुळे नाकाबंदीत पोलीस सोडत, पण घरात घ्यायला लोक घाबरत. दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर बसून त्याने जोड मारलेत, आणि आतून मॅडमनी दारातल्या फटीतून टोक ओढून घेतलंय.

एक गोष्ट त्या दिवसांत त्याच्या ध्यानात आली, जी कुठल्या कंपनीच्या तक्त्यात दिसली नसती. टॉवरमधले कितीतरी फ्लॅट कुलूपबंद झाले; माणसं लातूरला, बीडला, नागपूरला आईवडिलांकडे गेली आणि तिथून फोन करून विचारू लागली, “दादा, आमच्या गावाला तुमच्यासारखं कुणी आहे का?” आणि इकडे गावठाणात, जिथे ‘मोबाइलवर भागतंय’ म्हणत कुणी कनेक्शन घेत नव्हतं, तिथे तीन भावंडांची शाळा एका मोबाइलवर भागेना. जून लागेपर्यंत गावठाणातल्या घरांची यादी त्याच्याकडे टॉवरपेक्षा लांब होती.

त्याच जूनमध्ये, ३ तारखेला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दुपारनंतर मावळ-मुळशीत शिरलं. विजेचे खांब आडवे, झाडं रस्त्यात, पॉलिहाउसचे कागद तारांवर. फायबर तुटली ती वाऱ्याने कमी, पडलेल्या झाडांनी जास्त, आणि झाडं हटवायला आलेल्या कुऱ्हाडींनी सगळ्यात जास्त. कुऱ्हाडवाल्याला काळी वायर म्हणजे टीव्हीची, आणि टीव्ही काय, उद्याही लागेल. वीज यायच्या आधी नेट सुरू करून उपयोग नव्हता, तरी फोन थांबत नव्हते. लोकांचे लॅपटॉप चार्ज होते.

वादळं रोज येत नाहीत. रोज येते ती परवानगी. विजेच्या खांबावर केबल टांगायची तर खांब महावितरणची मालमत्ता. स्वतःचा खांब रोवायचा तर ग्रामपंचायत. शेताच्या बांधावरून जायचं तर दोन्ही बाजूंचे शेतकरी, जे बहुधा एकमेकांशी बोलत नसतात. २०१६मध्ये केबल टाकण्याच्या हक्काचे केंद्राचे नियम झाले, नव्या दूरसंचार कायद्याखालचे सुधारित नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. बांधावर त्यातलं कलम वाचून दाखवायची त्याची हिंमत नाही. तिथे “काका, तुमचं कनेक्शन आपल्याकडून” एवढंच चालतं. काकांचा मुलगा दुसऱ्या कंपनीकडे गेला की खांबाची जागा पुन्हा वादात.

टॉवरची तऱ्हा निराळी. तिथे बांध नाही, कमिटी आहे. कुठे बिल्डरने आधीच एकाच कंपनीला आत घेतलेलं असतं, कुठे शाफ्टमधून वायर नेण्याचे सोसायटी पैसे मागते, कुठे चार-चार पुरवठादार एकाच शाफ्टमध्ये एकमेकांच्या वायरी उपटतात. तीनशे फ्लॅटच्या इमारतीत एक केबल नेली की तीनशे दारं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तेवढ्याच केबलला सहा दारं. धंद्याचं गणित इथे उघडं पडतं. मोठ्या कंपन्या ओढ्याशी थांबतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं भारतनेट झालं. पण पंचायतीच्या कचेरीपासून वस्तीवरच्या ओसरीपर्यंतचं अंतर कुणीतरी वेगळंच चालावं लागतं. त्याने ओढा ओलांडला, कारण त्या सहा दारांत एक मामाचं होतं. अशी कारणं कुठल्या धोरणात नसतात, आणि ग्रामीण जोडणीचा बराचसा नकाशा मात्र अशाच कारणांनी काढलेला आहे.

केबल तुटायची कारणं त्याला ऋतूनुसार सांगता येतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या. त्या उंच भरल्या की खाली लोंबणारी वायर घेऊन जातात. लग्नसराईत आणि गणपतीत डीजेच्या गाड्या. मिरवणुकीपुढे बांबूने वायरी उचलणारा एक जण असतो आणि तो रात्री दहानंतर शुद्धीवर असेलच असं नाही. बारमाही उंदीर आणि खारी. आणि हल्ली सगळ्यांवर वरचढ, जेसीबी. हिंजवडी परिसरात रस्ता, ड्रेनेज, पाइपलाइन यांचं खोदकाम संपतच नाही. २२ मार्च २०२३ला केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं, खोदणाऱ्याने आधी केबलवाल्याला कळवावं म्हणून. जेसीबीवाला सकाळी सहाला येतो, त्याला कळतं ते ठेकेदाराने चुन्याने मारलेली रेघ.

मग ओटीडीआर काढायचं. हे यंत्र काचेत उजेडाचा ठोका सोडतं आणि तुटलेल्या टोकावरून तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर सांगतं: १,४३० मीटर. नवा माणूस गाडीच्या मीटरवर तेवढं जाऊन बघतो आणि तिथे काहीच नसतं. कारण ते अंतर केबलचं, रस्त्याचं नव्हे. मधल्या खांबांवर पुढच्या जोडासाठी शिल्लक ठेवलेली भेंडोळी आहेत, कुठे दहा मीटर, कुठे वीस. कुठल्या खांबावर किती, हे त्याच्या डोक्यात आहे. पोरांना तो वहीत लिहायला सांगतो, पण स्वतःची वही अर्धीच भरलेली.

आणि इतकं करून घरात पोचलेला उजेड बैठकीतल्या टीव्हीमागे, लाकडी कपाटाच्या कप्प्यात बंद होतो. तक्रार येते बेडरूममधून. मधे काँक्रीटची भिंत, एक आरसा आणि फ्रिज. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीशी थकते, २.४ची पोचते पण तिथे शेजारच्या वीस घरांचे राउटर आधीच बडबडत असतात. “शंभरचे पैसे भरतो, अठरा येतात,” असं म्हणत मोबाइल पुढे केला जातो. तो राउटरला वायर लावून लॅपटॉपवर शंभर दाखवतो. पटत नाही. लोकांच्या लेखी वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, आणि त्यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. विकतानाही कुणी वेगळं सांगितलेलं नसतं.

गावठाणातली तक्रार वेगळी असते. एका शेतकऱ्याने गोठ्यात आणि विहिरीवरच्या मोटरीपाशी कॅमेरे बसवले, पंढरपूरला गेल्यावर मोबाइलवर बघायचे म्हणून. दिसेनात. कारण अंतरात नाही, हिशेबात आहे: जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते आशिया-प्रशांत विभागासाठी एप्रिल २०११मध्येच संपत आले. तेव्हापासून पुरवठादार कितीतरी घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. घरातून बाहेर जाता येतं. बाहेरून थेट घर शोधता येत नाही. नवे, लांबलचक पत्ते मुबलक आहेत, पण शेतकऱ्याने स्वस्तात घेतलेल्या कॅमेऱ्याला ते येत नव्हते. शेवटी केबलवाल्याने कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप लावून दिलं. गोठ्याचं चित्र आता परक्या सर्व्हरवर जाऊन पंढरपूरला येतं. शेतकऱ्याने विचारलं, “म्हणजे आमची म्हस आधी त्यांना दिसणार?” याला त्याच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

२०२३पासून मोठ्या कंपन्यांनी ५-जीवरून घरात वाय-फाय द्यायला सुरुवात केली आहे. गच्चीवर डबा, वायर नाही, खांब नाही, काका नाहीत. वस्तीवरची दोन घरं तिकडे गेली. एक परत आलं, एक आलं नाही. यात आपला धंदा जाईल का, या प्रश्नावर तो खांदे उडवतो. मोबाइलच्या टॉवरपर्यंतही शेवटी फायबरच लागते, आणि ती ओढायला कुणीतरी शिडीवर चढणारच.

त्याला खरी काळजी दुसरी आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, सांगवडे, गहुंजे यांच्याबरोबर जांबे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. तसं झालं तर खांबाची परवानगी सरपंचांच्या ओसरीवरून उठून महापालिकेच्या कुठल्या तरी टेबलावर जाईल, आणि महापालिकांना डोक्यावरच्या वायरी आवडत नाहीत. जमिनीखालून न्यायचं तर खोदाईचे दर त्याच्या आवाक्याबाहेरचे. पंचायतीतले लोक त्याला म्हणतात, थांब, काय होतंय बघ, मग पैसे घाल. दिवाळीनंतर त्याने नेऱ्याच्या बाजूला नवे लोखंडी खांब रोवले. चोवीस धाग्यांची केबल ओढली आहे, त्यातले सहा वापरात आहेत, बाकीचे टोकाला टोपी लावून डब्यात गुंडाळून ठेवलेत. त्या बाजूला एका प्रकल्पाची पाटी लागली आहे; बिल्डरच्या ऑफिसात तो जाऊन आला, साहेब सोमवारी भेटतो म्हणालेत.